बाई, कशावरून?

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला शिकवते. 'मुलांना चिकित्सक विचार करायला शिकवा' असं प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. पण वर्गात 'कुणाला काही शंका?' म्हटलं की सगळे खाली बघतात. 'समजलं का?' म्हटलं की एका सुरात 'हो बाई'. एक मुलगा मात्र प्रश्न विचारायला लागला, तर त्याची आई शाळेत येऊन म्हणाली, 'घरी आजीला उलटून बोलतोय, तुम्हीच शिकवलंत का?' त्यात पोर्शन मागे पडतो तो वेगळाच. सुरुवात कुठून करू?

उत्तर : आधी तो 'समजलं का?' सोडून द्या. त्याला 'नाही' म्हणायचं तर पोराला सगळ्या वर्गादेखत उभं राहावं लागतं. आसपासच्या शाळांच्या केंद्रात शिक्षकांची शिक्षण परिषद भरते, तिथं तेवढं धाडस तुमचं-आमचं तरी होतं का?

मी 32 वर्षं माण तालुक्यात मास्तरकी केली. त्यातली निम्मी तरी 'दुपारी बाराला सावली सगळ्यात लहान' हे पोरांकडून घोकून घेण्यात गेली. एका वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हौस आली म्हणून वर्ग मैदानात नेला. एक मीटरची काठी ओळंबा लावून उभी केली. बाराला सावली भरली नव्वद सेंटीमीटरच्या जरा आत. म्हटलं, झालं, चला आत. मागून एक मुलगी म्हणाली, 'गुरुजी, अजून आखडतीया की ती.' मी तिलाच दटावलं, 'टेप नीट धर आधी.'

वर्गात आलो खरा, पण मन काठीपाशीच. पोरं डबे खायला बसली तेव्हा एकटाच जाऊन मोजली. साडेबाराला सत्त्याऐंशी!

कारण मलाच माहीत होतं, ही त्यातली खरी नामुष्की. आपलं घड्याळ चालतं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या 82.5 अंश रेखावृत्तावर. एका अंशाला 4 मिनिटं. आमचा गाव साडेचौऱ्याहत्तर अंशांवर, म्हणजे सूर्य आमच्या माथ्याच्या रेषेत यायला अर्धा तास उशीर. हे मी भूगोलाच्या तासाला शिकवायचो, आणि विज्ञानाच्या तासाला विसरायचो. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला फळ्याशी बोलावलं आणि दोन्ही मापं तिच्याच हातानं लिहायला लावली. 'काल माझं चुकलं' हे वाक्य तोंडातून निघेपर्यंत तास संपत आला होता. पण त्या दिवसानंतर वर्गात हात वर व्हायला लागले.

तेव्हा तुम्ही 'शंका विचारा' म्हणू नका. तुम्हीच विचारा, 'कशावरून?' उत्तर चुकलं तर विचारतोच आपण. बरोबर आलं तरी विचारा. नाहीतर पोरं हुशार असतात, बाईंनी 'कशावरून' म्हटलं की आपलं चुकलं, एवढंच शिकतात आणि झटकन उत्तर बदलतात. आणि काहीही मोजण्याआधी अंदाज वहीत लिहून घ्या, तोही पेनानं. पेन्सिल दिली की मागाहून सगळ्यांचे अंदाज बरोबर येतात. मी पाहिलंय.

पोर्शनचं म्हणाल, तर हे रोज करायचं कामच नाही. आठवड्याला एक तास पुरे. पाढे, व्याकरण पाठच करून घ्या, त्यात कमीपणा मानू नका. चार नव्वे छत्तीस ज्याला येत नाही, तो दुकानदाराच्या हिशेबावर शंका घेणार कशी?

त्या आईला मात्र उडवून लावू नका. तिचं निम्मं बरोबर आहे. पोराला 'कशावरून' सापडलं, ते विचारायचं कसं हे सापडलेलं नाही. त्याला घरचा अभ्यास द्या : आजीला पावसाचे तीन अंदाज विचारून यायचे. मुंग्या अंडी हलवतात, चंद्राला खळं पडतं, असलं काहीतरी ती सांगेलच. ते वहीत उतरवायचं, समोर तारीख, आणि पाऊस आला की नाही ते महिनाभर लिहायचं. आजीचा एखादा अंदाज खरा ठरेल, एखादा फसेल. फसलेला आजीला कसा सांगायचा, यावर वर्गात बोला. आमच्याकडे एका आजीबाईंनी स्वतःच नातवाची वही तपासायला मागितली होती.

सुरुवात म्हणाल तर जूनमध्ये शाळा उघडली की आभाळ मोकळं असेल त्या दिवशी करा. मीटरची काठी, ओळंबा, टेप. तुमच्याकडे मध्यान्ह साधारण 12 वाजून 24 मिनिटांनी होईल, आमच्यापेक्षा 8 मिनिटं आधी. सावली कुठल्या दिशेला पडेल हे आधी लिहून घ्या. बहुतेक जण 'उत्तरेला' लिहितील, कारण वर्षभर मध्यान्हीची सावली बघितलीय ती तशीच. पण लातूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. जूनमध्ये सूर्य तुमच्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो. सावली दक्षिणेला पडेल, जेमतेम आठ-नऊ सेंटीमीटर. कारण लगेच सांगून टाकू नका, दोन दिवस तसंच राहू द्या. कुणीतरी म्हणेलच की काठी वाकडी आहे. मग ओळंबा त्याच्याच हातात द्या.