‘हा तुझा भ्रम आहे’ असं डॉक्टरच म्हणत असतील तर?

भावा, तू लिहिलेलं सगळं वाचलं. तुझ्या जन्मदाखल्यावर मुलगी, वय 22, गाव दारव्ह्याजवळ. मोठ्या भावानं मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. त्यांनी ‘मी मुलगा आहे’ हा भ्रम ठरवून गोळ्या सुरू केल्या आणि वरून सांगितलं की अमेरिकेतल्या मोठ्या दवाखान्यानंच लिंगबदलाची ऑपरेशनं बंद केली. आता घरचे तेच वाक्य रोज ऐकवतात.

आधी भ्रमाचं बघू. भ्रमात माणसाला नसलेली गोष्ट खरी वाटते आणि पुरावा समोर ठेवला तरी पटत नाही. तुला तुझं शरीर कसं आहे हे पक्कं ठाऊक आहे. पाळी येते, छाती बांधून वावरात जातोस, आणि त्रास होतो तो ठाऊक आहे म्हणूनच. मग यात भ्रम कुठला आला? (छातीला क्रेप बँडेज गुंडाळत असशील तर आजच सोड. बरगड्या दुखावतात, दमही कोंडतो.)

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये मंजूर केलेली आजारांची यादी, आयसीडी-11, 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे. त्यात जन्माचं लिंग आणि मनातली ओळख न जुळण्याचा हा विषय मनोविकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवलाय. आपल्याकडचा 2017 चा मानसिक आरोग्य कायदा तर कलम 3 मध्ये सांगतो की निदान मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरच व्हावं. समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक कल्पनांत कुणी बसत नाही, एवढ्यावर त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. आणि ‘तुझी ही ओळखच बदलून टाकतो’ म्हणत उपचार करणं हे 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. हे भावाला शांतपणे सांग, भांडून नको.

आता अमेरिका. तो दवाखाना म्हणजे बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स. 1979 मध्ये तिथं ही ऑपरेशनं बंद झाली, हे खरंच आहे. तिथले मानसोपचार प्रमुख पॉल मॅकह्यू यांचा याला मुळातूनच विरोध होता. आधार घेतला तो त्याच दवाखान्यातल्या एका अभ्यासाचा. त्यात नोकरी, घर, लग्न असल्या गोष्टींना गुण देऊन ‘सुधारणा’ मोजली होती आणि ऑपरेशननं ती होत नाही असं म्हटलं होतं. ऑपरेशन झालेले बहुतेक जण समाधानी होते आणि पस्तावलेले थोडेच, हे मॅकह्यू यांनी स्वतःच नंतर लिहिलंय! आणि डॉक्टरांनी अर्धीच गोष्ट सांगितली: त्याच हॉपकिन्सनं 2017 मध्ये हे काम पुन्हा सुरू केलं.

पुढच्या वेळी बहुधा स्वीडनचा अभ्यास काढतील. 2011 चा तो अभ्यास 1973 ते 2003 दरम्यान ऑपरेशन झालेल्या 324 जणांचा. त्यांच्यात आत्महत्या आणि मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं, हेही खरं. पण तुलना कुणाशी? सर्वसाधारण लोकांशी, उपचार न मिळालेल्या आपल्यासारख्यांशी नाही. बोंडअळी लागलेलं, फवारलेलं वावर अळीच न लागलेल्या वावराशी ताडायचं आणि ‘फवारणीनंच पीक गेलं’ म्हणायचं, तसला हा प्रकार. उपचारानं फायदा झाला की तोटा, हे यावरून ठरत नाही, असं त्या संशोधकांनीच लिहून ठेवलंय.

पण डॉक्टरांची प्रत्येक शंका मोडीत काढू नको. लहान वयातल्या उपचारांचा पुरावा कमकुवत आहे, हे इंग्लंडच्या कॅस अहवालानं एप्रिल 2024 मध्ये मांडलं. तो अठरा वर्षांखालच्या मुलांपुरता आहे, तुझ्यापुरता नाही. टेस्टोस्टेरॉननं (पुरुषी संप्रेरकाच्या औषधानं) फुटलेला आवाज आणि आलेली दाढी औषध थांबवल्यावर मागे जात नाही. हिमोग्लोबिन चढतं, रक्त दाट होतं, म्हणून तपासण्या लागतात. पुढे मूल हवं का, याचा विचार आधी करावा लागतो. तुझ्या डॉक्टरांनी यातलं काही विचारलं असतं तर मी त्यांच्या बाजूनं बोललो असतो. त्यांनी तर तू कोण आहेस हेच नाकारलं.

आता कामाचं. गोळ्या मनानं एकदम बंद करू नको. झोप, उदासी खरीच असेल तर त्याचा उपचार वेगळा चालू राहू शकतो. गोळ्यांचा पत्ता जपून ठेव, फाडून फेकू नको. केसपेपरवर निदान लिहून माग. तोंडी ‘भ्रम’ म्हणणारे कागदावर काय लिहितात ते बघच! आपली कागदपत्रं मागायचा हक्क त्याच मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 25 मध्ये आहे. आणि जिमवाल्या पोरांकडून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेणं, बापा, अजिबात नको. रक्त न तपासता कुणी टोचलं तर पुढचं कोण निस्तरणार?

दुसरं मत यवतमाळच्या मेडिकलला किंवा सेवाग्रामच्या मानसोपचार ओपीडीत घे. जुना केसपेपर आणि गोळ्यांचा पत्ता सोबत ने. त्याआधी नागपूरच्या सारथी ट्रस्टमध्ये (आपल्यासारख्यांसाठी काम करणारी संस्था) बोललास तर कुठल्या डॉक्टरांकडे जावं, याचा अंदाज येईल. भाऊ सोबत येत असेल तर येऊ दे, पण आत बोलताना त्याला बाहेर बसव. तू सज्ञान आहेस, ‘मला एकट्याला बोलायचं आहे’ एवढं म्हटलं की पुरे. नाहीच जमलं तर इथं कळव. त्या बाजूचं कुणी सोबत यायला तयार आहे का, विचारून पाहतो.