सेलोटेप, मोली ग्रीस आणि बी.एड.चा फॉर्म

प्रश्न: मुलगी अमळनेरला टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, फिजिक्स घेऊन. कॉलेजात एक व्याख्यान ऐकून आली, तेव्हापासून बॅटरीशिवाय चालणारे, वाकणारे प्रकाश-सेन्सर बनवायचे म्हणते. सेलोटेपने काळे थर सोलतात म्हणे. पोरगी काय सांगस, माले काही समजस नही. मी बी.एड. सुचवतोय. की एम.एस्सी.साठी एकरभर जमीन काढू?
– एक शेतकरी वडील, अमळनेर तालुका

राम राम आप्पा,

जमीन काढू नका. बाकीचं सावकाश बोलू.

तो काळा पदार्थ तुमच्या ओळखीचा आहे. ट्रॅक्टरला काळं मोली ग्रीस भरता ना? त्यातलं 'मोली' म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइड. त्याचे थर कोबीच्या पानांसारखे एकावर एक असतात. थराच्या आतली पकड घट्ट, दोन थरांमधली ढिली. म्हणून ते घसरतात, ग्रीसच्या कामी येतात. आणि म्हणूनच सेलोटेपला चिकटून सुटेही होतात. २००४ साली मँचेस्टरला गाइम आणि नोव्होसेलोव या शास्त्रज्ञांनी पेन्सिलीतलं ग्रॅफाइट असंच सोललं आणि २०१० चं नोबेल मिळवलं. मोलीचा एक थर साधारण ०.६५ नॅनोमीटरचा. दीड हजार थर रचले तर कुठे मिलिमीटरचा हजारावा भाग भरतो! प्लॅस्टिकच्या फिल्मवर बसवला की तो फिल्मबरोबर वाकतो.

आणि बॅटरीशिवाय कसं? शेताला उतार असला की पाटाचं पाणी मोटरीवाचून वाहतं. दोन वेगळ्या जातीचे थर एकमेकांवर ठेवले की सांध्यात विजेचा असाच उतार आपोआप तयार होतो. उजेडाने सुटे झालेले इलेक्ट्रॉन त्या उताराने निघतात. सौर पंपाच्या पॅनेलचं तत्त्वही हेच. पॅनेल पाणी उपसतं, हा सेन्सर बापडा उजेड पडला एवढंच कळवतो. मनगटाच्या पट्टीत नाडी मोजायची असेल, तर तेवढं पुरतं.

आता कटू बोलतो. या कामाची थेट नोकरी आज बाजारात शोधायला जाल तर हाती फारसं लागणार नाही. मोठा, एकसारखा थर वाढवणं, धातूचा जोड नीट बसवणं, हवेपासून थर जपणं, यातच अजून प्रयोगशाळा गुंतल्यात. तेव्हा मुलीने 'हेच करणार' म्हणून आत्ताच अडून बसू नये. पण हे शिकताना व्हॅक्युम पंप, भट्टी, थिन फिल्म म्हणजे पातळ थर चढवणं, नॅनोअँपिअरचा म्हणजे अगदी बारीक करंट मोजणं यावर जो हात बसतो, तो सोलर आणि सेमीकंडक्टरवाल्यांना हवा असतो.

म्हणून एम.एस्सी. करू द्या. जळगावचं आपलं बहिणाबाई विद्यापीठ आहेच. आयआयटीत एम.एस्सी.ला जायचं तर त्याची जॅम ही प्रवेश परीक्षा फेब्रुवारीत असते, फॉर्म पावसाळा सरता सरता निघतात. सुरत लाइन धरून पुढे गुजरातेत वल्लभ विद्यानगरला सरदार पटेल विद्यापीठ आहे; तिथे अशा थरांच्या पदार्थांचे स्फटिक वाढवतात. कुठेही जा, पण प्रवेशाआधी प्रयोगशाळा उघडून बघा. यंत्रावर धुळीचं कापड असेल तर दुसरीकडे चला. पुढे नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, निघाली तर पीएच.डी.ला महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं. जमिनीचा प्रश्न तिथे उरत नाही.

बी.एड. वाईट नाही, नंतरही करता येतं. फक्त एम.एस्सी. झाली की प्राध्यापकी ठरलेलीच, हा हिशोब नको. नेट-सेट झालेली किती मुलं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, तासाच्या पैशांत राबतात, ते तुम्ही बघताच.

रविवारी एक करा. एलईडीच्या आतही असाच उताराचा सांधा असतो. साधा लाल एलईडी आणि मल्टिमीटर आणून ओट्यावर उन्हात बसा. एलईडीच्या दोन तारा मीटरला जोडल्या की सेल न लावता काटा किंवा आकडा हलतो. डिजिटल मीटरवर एक व्होल्टच्या आसपास दिसेल. हाताने सावली करा, खाली येईल. तुम्हाला पाच मिनिटांत कंटाळा येईल. मुलगी जेवायला हाक मारली तरी उठली नाही, वहीत आकडे टिपत राहिली, तर बी.एड.चा फॉर्म यंदा राहू द्या.