फ्रिस्को की प्लेनो? घर ठरवण्याआधी शाळेच्या डिस्ट्रिक्टबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एल-१ व्हिसावर (कंपनीतल्या बदलीचा व्हिसा) येत्या जुलैत पुण्याहून डॅलसच्या उत्तरेला यायचं आहे, मुलगी नुकतीच चौथी पास झाली, मुलाचा जन्म नोव्हेंबर २०२० चा, फ्रिस्कोत राहावं की प्लेनोत, आणि 'ए रेटिंगची शाळा' कशी शोधायची. रेटिंगचं नंतर बघू. आधी पत्ता, कारण टेक्ससमध्ये सरकारी शाळा पत्त्यावरून ठरते.

इथली शाळा शहराची नसते. आपल्याकडे महापालिकेच्या शाळा असतात, तसं इथे नाही. महापौर आणि सिटी कौन्सिलचा शाळेशी संबंधच येत नाही. शाळा चालवतो इंडिपेंडंट स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे आयएसडी, आणि त्याची हद्द शहराच्या हद्दीशी जुळत नाही. फ्रिस्को आयएसडीत प्लेनो, मकिनी आणि लिटल एल्म या शहरांचे काही भाग येतात. उलट फ्रिस्को शहरातली काही घरं प्रॉस्पर, लुइसव्हिल किंवा लिटल एल्म आयएसडीत जातात. त्यामुळे 'फ्रिस्कोत अपार्टमेंट मिळालं' एवढ्यावरून शाळा कळत नाही. लीजवर सही करण्याआधी डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर बिल्डिंगचा पूर्ण पत्ता टाकून एलिमेंटरी, मिडल आणि हायस्कूल अशा तिन्ही शाळा बघा. घराच्या जाहिरातीत छापलेल्या शाळेच्या नावावर विसंबू नका. हद्दी बदलतात, जाहिरात तशीच राहते.

प्रवेशासाठी लीज आणि वीज किंवा पाण्याचं बिल लागतं. सुरुवातीला नातेवाइकांकडे उतरणार असाल तर त्यांच्या नावाची कागदपत्रं आणि तुम्ही तिथे राहता असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. चांगल्या शाळेसाठी मित्राचा पत्ता देण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. प्रवेशाच्या कागदांवर खोटी माहिती देणं हा टेक्ससमध्ये गुन्हा आहे, शिवाय वर्षाच्या शिक्षणाचा खर्चही वसूल होऊ शकतो. व्हिसाची मात्र काळजी नको. १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो या खटल्यात, जो टेक्ससमधूनच गेला होता, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने इमिग्रेशनच्या कारणावरून मुलाला सरकारी शाळा नाकारता येणार नाही असा निकाल दिला. मुलांना सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी प्रवेश अडत नाही.

आता इयत्ता. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरला ६ वर्षं पूर्ण लागतात, टेक्ससमध्ये १ सप्टेंबरला. म्हणजे तुमचा मुलगा पुण्यात या जूनला पहिलीत बसला असता, इथे १ सप्टेंबर २०२६ ला तो ५ पूर्ण, ६ अपूर्ण, म्हणून किंडरगार्टनमध्ये बसेल. सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांत जन्मलेल्या बहुतेक मुलांचं असं होतं आणि पालकांना ते वर्ष वाया गेल्यासारखं वाटतं. त्यावर शाळेशी भांडू नका. वर्गातली बाकीची मुलं त्याच्याच वयाची असतील. मुलगी सरळ पाचवीत जाईल, आणि दोन्ही डिस्ट्रिक्टमध्ये पाचवी एलिमेंटरीतच असते, त्यामुळे दोघं एका शाळेत येतात. एक फरक लक्षात ठेवा: प्री-के (किंडरगार्टनच्या आधीचा बालवर्ग) ते चौथीपर्यंत एका वर्गात २२ मुलांची कायदेशीर मर्यादा आहे, पाचवीला ती नाही. आणि लहान वर्गांत २२ भरले की नव्या मुलाला शेजारच्या शाळेत पाठवतात, इथे त्याला ओव्हरफ्लो म्हणतात. नोंदणी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यावर ढकलणाऱ्यांची मुलंच यात सापडतात.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते लसीकरणावर. यासाठी तिकिटं काढायच्या आधी बालरोगतज्ज्ञांची वेळ घ्या. टेक्ससला गोवर-गालगुंड-रुबेला लसीचे २ डोस हवेत आणि पहिला डोस पहिल्या वाढदिवशी किंवा नंतर दिलेला हवा. आपल्याकडे नवव्या महिन्यात दिलेला डोस म्हणून धरला जात नाही. सरकारी दवाखान्यात मिळते ती लस फक्त गोवर-रुबेलाची, त्यात गालगुंड नाही. कांजिण्यांचे २ आणि हिपॅटायटिस ए चे २ डोस लागतात, आणि या दोन्ही लसी आपल्या सरकारी वेळापत्रकात नाहीत. पोलिओचं आणखी निराळं आहे. एप्रिल २०१६ पासून तोंडावाटे दिलेले थेंब अमेरिकेत मोजत नाहीत, कारण त्यात तीनऐवजी दोनच प्रकारच्या विषाणूंवरची लस असते. म्हणजे पल्स पोलिओच्या सगळ्या रविवारी मुलांना नेलं असलं तरी इथे इंजेक्शनच्या पोलिओ लसीची नोंद मागतील, आणि एक डोस चौथ्या वाढदिवसानंतरचा हवा.

सगळे डोस पूर्ण नसले तरी प्रत्येक लसीचा किमान एक डोस झालेला असेल आणि पुढचे वेळेवर घेत असाल तर तात्पुरता प्रवेश मिळतो. ज्या लसीचा एकही डोस नाही तिथे मूल घरी बसतं. हिपॅटायटिस ए च्या दोन डोसांत ६ महिन्यांचं अंतर लागतं, कांजिण्यांच्या दोन डोसांत ३ महिन्यांचं, म्हणून पहिला डोस पुण्यातच उरका. गोवर आणि कांजिण्यांची लस एकाच दिवशी चालते. एका दिवशी नाही दिली तर मध्ये २८ दिवस जाऊ द्यावे लागतात. फाईलवर तारखा दिवस-महिना-वर्ष अशा लिहू नका, महिन्याचं नाव इंग्रजीत अक्षरी लिहून घ्या. ०५/०३ म्हणजे पाच मार्च हे इथल्या शाळेच्या नर्सला कळणार नाही, ती ३ मे वाचेल.

प्रवेशाच्या अर्जात घरच्या भाषेचा प्रश्न असतो. तिथे 'मराठी' लिहिलं की ४ आठवड्यांच्या आत मुलाची इंग्रजीची चाचणी होते आणि गरज वाटली तर इंग्रजीच्या जादा मदतीचा वर्ग सुचवतात. काही पालक हे टाळायला 'इंग्लिश' लिहितात. असं करू नका. जादा वर्ग ही शिक्षा नाही, त्याला तुमची संमती लागते, आणि पुण्यातल्या इंग्रजी माध्यमातली मुलंसुद्धा इथले उच्चार ऐकून सुरुवातीला अडखळतात. नकार देता येतो, पण मूल एकदा त्या यादीत गेलं की नकार दिला तरी दरवर्षीची इंग्रजीची परीक्षा चुकत नाही.

पैशाकडे वळतो, कारण फ्रिस्को-प्लेनोत आत्ता जे चाललं आहे ते पैशाचं गणित समजल्याशिवाय कळणार नाही. टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही, शाळांचा मोठा भार घरांवरच्या प्रॉपर्टी टॅक्सवर असतो. त्याच्या बिलात शाळेचे दोन भाग असतात. एम अँड ओ, म्हणजे देखभाल आणि रोजचा कारभार, यातून पगार, वीज, बस चालवण्याचा खर्च. आय अँड एस, म्हणजे कर्जफेडीचा भाग, यातून बाँडचे (डिस्ट्रिक्टने काढलेल्या कर्जाचे) हप्ते. बाँडचा पैसा इमारती, नव्या बस, कॉम्प्युटर यांवरच खर्च करता येतो, शिक्षकांच्या पगारावर नाही. एकीकडे नवी इमारत उभी राहते आणि दुसरीकडे शिक्षक कमी होतात, हे बघून घोटाळ्याची शंका घेऊ नका. कायद्यानेच ते दोन खिसे वेगळे शिवले आहेत.

रोजच्या खर्चाचा पाया म्हणजे राज्याने ठरवलेली दर विद्यार्थ्यामागची मूळ रक्कम. ती २०१९ पासून ६,१६० डॉलर होती. महागाई एवढी वाढली तरी ती हलली नाही. २०२५ च्या अधिवेशनात तीत फक्त ५५ डॉलर वाढले. त्या वर्षीचा बाकीचा वाढीव पैसा पगारवाढीसारख्या ठरावीक कामांना बांधलेला आहे. आणि ही रक्कम पटावरच्या नावांवर मिळत नाही, सरासरी दैनंदिन उपस्थितीवर मिळते. मूल गैरहजर तर डिस्ट्रिक्टचे पैसे गेले. त्यावर पुन्हा रीकॅप्चर, ज्याला सगळे रॉबिन हूड म्हणतात. एजवूड खटल्यात १९८९ साली टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने गरीब आणि श्रीमंत डिस्ट्रिक्टमधली तफावत घटनाबाह्य ठरवली, आणि १९९३ च्या कायद्याने श्रीमंत डिस्ट्रिक्टच्या करातला वाटा राज्याकडे जाऊ लागला. प्लेनो वर्षानुवर्षं असा वाटा देत आलं आहे. माझ्या मते तत्त्व रास्त आहे, दक्षिण टेक्ससच्या गरीब रिओ ग्रांदे खोऱ्यातल्या मुलालाही शिक्षक हवाच. पण प्लेनोत घर घेताना आपला सगळा शाळा-कर प्लेनोच्या शाळेत राहणार असं मानू नका.

त्यात मुलं कमी होत आहेत. घरं महागली, तरुण कुटुंबं आणखी उत्तरेला प्रॉस्पर, सेलिनाकडे सरकली. प्लेनोच्या बोर्डाने जून २०२४ मध्ये ४ शाळा बंद करायचं ठरवलं: डेव्हिस, फोरमन, आर्मस्ट्राँग, कार्पेंटर. फ्रिस्कोत नोव्हेंबर २०२४ च्या मतदानात करवाढीचा आणि बाँडचे असे सगळे प्रस्ताव लोकांनी पाडले आणि पुढच्याच महिन्यात स्टेली मिडल स्कूल बंद करायचा निर्णय झाला. ज्या शाळेसाठी तुम्ही जादा भाडं द्याल ती तीन वर्षांनी असेलच असं नाही. म्हणून शाळा निवडताना तिची क्षमता किती आणि पट किती हे बघा. डिस्ट्रिक्टच्या बोर्डाच्या सभांच्या कागदपत्रांत हे आकडे असतात. जुन्या वस्तीतली, निम्मी रिकामी एलिमेंटरी कितीही छान असली तरी बंद होण्याच्या यादीत तीच आधी येते.

हे निर्णय घेतं ७ ट्रस्टींचं बोर्ड. ते निवडून येतात आणि त्यांना मानधन नसतं. सुपरिंटेंडंट (डिस्ट्रिक्टचा मुख्य अधिकारी) नेमणं, बजेट, कराचा दर, शाळांच्या हद्दी त्यांच्या हातात असतात. अभ्यासक्रम नसतो, तो राज्याचं १५ सदस्यांचं निवडून आलेलं शिक्षण मंडळ ठरवतं. रेटिंग देते टेक्सस एज्युकेशन एजन्सी, आणि तिचा आयुक्त गव्हर्नर नेमतो. एजन्सी बोर्ड बाजूला सारूही शकते. ह्यूस्टनमध्ये जून २०२३ मध्ये तसंच झालं. तुम्ही नागरिक नाही, त्यामुळे मत देता येणार नाही, पण सभेत नाव नोंदवून बोलता येतं. हद्दीच्या फेरआखणीच्या सभांना आपले लोक जात नाहीत आणि नंतर मुलाची शाळा बदलली म्हणून हळहळतात.

आता रेटिंग. ए ते एफ ही अक्षरं एजन्सी देते. विद्यार्थ्यांची पातळी आणि त्यांची प्रगती यांपैकी जे चांगलं असेल त्याला ७० टक्के वजन, वेगवेगळ्या गटांतलं अंतर कमी करण्याला ३० टक्के. मध्यंतरी निकष कडक केले. हायस्कूलच्या कॉलेज-नोकरी तयारीच्या भागात ए मिळायला आधी ६० टक्के मुलं पुरत होती, ती अट ८८ टक्के केली. त्याविरुद्ध काही आयएसडी कोर्टात गेले, २०२३ चं रेटिंग थेट एप्रिल २०२५ मध्ये बाहेर आलं, आणि २०२४ व २०२५ ची दोन्ही १५ ऑगस्ट २०२५ ला. त्यामुळे जुन्या ए शी नव्या बी ची तुलना करून शाळा घसरली असं म्हणता येत नाही. अक्षर सोडा, राज्याच्या स्टार परीक्षेचे आकडे उघडा. त्यात 'अप्रोचेस' पातळीलाही पास धरतात, ती फार खालची आहे. 'मीट्स' आणि 'मास्टर्स' या वरच्या पातळ्यांचे आकडे बघा, आणि तिसरी ते पाचवीच्या गणितात सलग तीन वर्षांचे. २०२७-२८ पासून ही परीक्षा जाऊन वर्षात तीन छोट्या परीक्षा येणार आहेत, तेव्हा तुलना पुन्हा तुटेल.

सुट्ट्यांचं सांगायलाच हवं. वर्गाच्या ९० टक्के दिवसांची हजेरी लागते. डिसेंबरच्या दोन आठवड्यांच्या सुट्टीला जोडून भारतात आणखी तीन आठवडे काढले तर उरलेल्या १० टक्क्यांची मोकळीक जवळजवळ संपलीच, शिवाय सहा महिन्यांत १० विनापरवानगी गैरहजेऱ्या झाल्या तर पालकांवर तक्रार होऊ शकते. भारतवारी जून-जुलैत करा. धार्मिक सणाची रजा मात्र कायद्याने मान्य आहे. गणपती किंवा दिवाळीला शाळेला आधी लेखी कळवा, राहिलेला अभ्यास पूर्ण केला की तो दिवस हजेरीतच धरतात.

दोन लहान मुलांसाठी दोन्ही डिस्ट्रिक्ट चांगले आहेत, पहिलं वर्ष भाड्यानेच राहा. शाळेपासून २ मैलांच्या आत बहुतेक ठिकाणी बस मिळत नाही, आणि एकाच गाडीवर असाल तर हा फरक रोज जाणवतो. पुढे घर घेतलंत की होमस्टेड सवलतीचा (स्वतः राहत्या घरावरच्या करसवलतीचा) अर्ज काउंटीच्या अप्रेजल डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे घरांची किंमत ठरवणाऱ्या कार्यालयाकडे, तुम्हालाच करावा लागतो. शाळा-करासाठी घराच्या किमतीतून आता १,४०,००० डॉलर वजा होतात. म्हणजे ६ लाखांच्या घरावर १०० डॉलरमागे १ डॉलर दर धरला तर ६,००० ऐवजी ४,६००.

मुलीच्या चौथीच्या निकालाची शाळेचा शिक्का असलेली प्रत, जन्माचे दाखले आणि डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचं लसीकरणाचं पत्रक विमानात हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सामानात नको.