निवाऱ्याची क्षमता कोणती धरायची?

प्रश्न : आमच्या शहरातील महापालिकेच्या बेघर निवारा केंद्राबाहेर ‘क्षमता ५०’ असा फलक आहे. तेथे रोज रात्री प्रत्यक्षात किती जण मुक्कामाला असतात, हे नागरिकाला कसे कळेल? आकडा कमी निघाला, तर निवाऱ्याची गरजच नाही असे समजायचे का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : फलकावरचा आकडा बहुधा मंजुरीचा असतो, आणि अनुदानाचा हिशेबही त्यावरच चालतो. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार निवाऱ्यात माणशी किमान ५० चौरस फूट जागा हवी. म्हणजे पन्नास जणांसाठी २,५०० चौरस फूट. आपल्याकडील सभागृह टेपने मोजले, तर फलक कितपत खरा आहे हे तिथल्या तिथे कळेल.

मंजूर जागा, आज रात्री वापरता येण्याजोग्या जागा आणि प्रत्यक्ष झोपलेली माणसे, हे तीन आकडे वेगवेगळे मागावेत. समजा, मंजूर खाटा ५० आहेत, त्यांपैकी आठ मोडलेल्या किंवा ढेकणांमुळे बाजूला काढलेल्या आहेत आणि रात्री ४० जण झोपले. कागदोपत्री निवारा ८० टक्के भरलेला दिसतो. वापरण्याजोग्या ४२ खाटा धरल्या, तर तो ९५ टक्के भरलेला असतो. कॅनडातील टोरांटो महापालिका अनुदानित क्षमता, प्रत्यक्ष क्षमता आणि वापर हे आकडे प्रत्येक निवाऱ्यासाठी रोज स्वतंत्रपणे जाहीर करते. कुटुंबांच्या निवाऱ्यांत तर ती खाटांऐवजी खोल्या मोजते. कारण पाच खाटांच्या खोलीत तिघांचे कुटुंब असले, तरी उरलेल्या दोन खाटा परक्याला देता येत नाहीत. आपल्याकडे दिल्लीचे नागरी निवारा सुधार मंडळ निवारावार क्षमता आणि मुक्कामींची रोजची संख्या संकेतस्थळावर देते. आपल्या शहरांनी निदान तेवढे तरी करायला हरकत नसावी.

कमी आकड्याचा अर्थ लावताना मात्र घाई करू नये. मंडईत किंवा रेल्वे स्थानकाजवळ हमाली करणारा माणूस पहाटेच्या कामासाठी तीन-चार किलोमीटर दूरच्या निवाऱ्यात जात नाही. आधार कार्ड मागितले जाते म्हणून काही जण फिरकत नाहीत, तर सामान ठेवायला कुलपाची पेटी नाही म्हणून काही. शहराची सरासरी तर आणखीच फसवी असते, कारण स्त्रियांचा निवारा तुडुंब आणि पुरुषांचा अर्धा रिकामा असला, तरी बेरजेत जागा शिल्लकच दिसते. शिवाय दारातून परत पाठवलेल्यांची नोंद हजेरीच्या नोंदवहीत होतच नाही. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच आहे, आणि नेमका तोच कोणी विचारत नाही.

माहिती मिळवण्यासाठी १० रुपये शुल्क भरून महापालिकेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. केवळ ‘सरासरी वापर’ न विचारता जानेवारीतील आणि जुलैतील ठरावीक तारखांची रात्रीची संख्या स्त्री-पुरुष विभागणीसह मागावी, आणि परत पाठवलेल्यांची नोंद ठेवली जाते का, हेही विचारावे. मुक्कामींची नावे मागू नयेत. ती खासगी माहिती आहे आणि तिच्यावाचून आपले काम अडत नाही.

प्रश्न : शहरात किती निवारे हवेत, हे बेघरांच्या संख्येवरून ठरते का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय, असा निकष आहे. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती, म्हणजे निकषानुसार साधारण १२,४०० जणांची सोय हवी. त्याच जनगणनेत, २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीच्या मोजणीत, मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर नोंदले गेले. निकष पूर्णपणे पाळला, तरी त्यातल्या पाचव्या हिश्श्याहून थोड्याच अधिक लोकांना छप्पर मिळाले असते.