अमेरिकेत नेटवर्कबाहेरच्या (म्हणजे विमा कंपनीशी करार नसलेल्या) थेरपिस्टची फी विम्यातून परत मिळते का?
मिळते, पण प्लॅन पीपीओसारखा, म्हणजे नेटवर्कबाहेरच्या उपचारांचाही काही खर्च देणारा असेल तर. एचएमओत (फक्त नेटवर्कमधलेच उपचार देणाऱ्या प्लॅनमध्ये) बहुधा काहीच हाती लागत नाही. फी आधी आपल्या खिशातून भरायची, मग थेरपिस्टकडून ‘सुपरबिल’ (उपचारांचं तपशीलवार बिल) घेऊन क्लेम टाकायचा. त्यावर निदानाचा कोड आणि सेशनचा कोड (४५ मिनिटांना ९०८३४, तासाभराला ९०८३७) हवाच. माझं पहिलं सुपरबिल निदानाच्या कोडाविना गेलं आणि महिन्याने तसंच परत आलं!

खरी मेख आहे ‘अलाउड अमाउंट’मध्ये, म्हणजे कंपनी सेशनची जी किंमत धरते तिच्यात. समजा फी २०० डॉलर, पण कंपनीच्या लेखी सेशनची किंमत १२०. मग डिडक्टिबल (विमा सुरू होण्याआधी वर्षाला आपणच भरायची रक्कम) संपल्यावरही, प्लॅन ७० टक्के देत असेल तर १२०चे ८४ डॉलरच मिळणार. म्हणून पहिल्या सेशनआधीच फोन करून, कोड सांगून हा आकडा काढून घ्या. एचएसए (उपचारांसाठीचं करमुक्त बचत खातं) असेल तर उरलेले पैसे त्यातून भरा, तेवढाच टॅक्स वाचतो.