चौथीतली मुलगी वर्गात कंटाळते, पुढचं सगळं तिला आधीच येतं. पुण्यात पालकांनी काय करावं?

आधी वर्गशिक्षिकेला भेटा, पण तक्रार घेऊन जाऊ नका. मुलीने घरी सोडवलेली गणितं, लिहिलेल्या गोष्टी सोबत न्या आणि एवढंच विचारा: हिचं काम लवकर संपलं तर हिला वेगळं, जरा अवघड काही देता येईल का? तीच गणितं आणखी वीस, असं मात्र नको. हुशारीची ती शिक्षाच वाटते मुलांना.

ज्ञान प्रबोधिनी प्रशाला १९६९ पासून बुद्धिमान मुलांसाठीच चालते. प्रवेश पाचवीत, चाचणी घेऊन होतो, म्हणजे तुमच्यासाठी हेच वर्ष महत्त्वाचं. पण निवड झाली नाही तर तिच्यासमोर चेहरा पाडू नका, प्लीज. चाचणी त्या दिवसापुरती असते.

शाळा बदलायची नसेल तरी पुण्यात खूप काही आहे. आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, तिथे मुलं हाताने खेळणी-प्रयोग करतात. गणिताची खरी ओढ दिसली तर पुढे भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था आहेच. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा सहावी आणि नववीत असते, तिच्या क्लासची घाई आत्ता अजिबात करू नका.

आणि रोज थोडा वेळ तिचा तिला मोकळा ठेवा. पाच क्लास लावून थकलेली खूप हुशार मुलं पाहिली आहेत, फार वाईट वाटतं. एकच आवडीची गोष्ट निवडू द्या, मधेच सोडली तरी चालेल.