कार्बोनेशनने काँक्रीटची ताकद वाढते, मग ते वाईट का मानतात?

काँक्रीट थोडं कडक होतं हे खरं, पण धोका आतल्या सळईला आहे. कार्बोनेशनमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड छिद्रांतल्या पाण्यात विरघळून सिमेंटमधल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं कॅल्साइट (चुनखडीतलं खनिज) करतो. घनभागाचं आकारमान साधारण 11-12 टक्के वाढतं आणि छिद्रं बुजतात. म्हणूनच जुन्या बीमवर रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर आपटून उसळीवरून ताकदीचा अंदाज देणारं उपकरण) फसवा, जास्तीचा आकडा दाखवतो. त्यावर विसंबू नका, कोअर (आतून कापलेला गोल नमुना) काढा. स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) भरपूर असलेल्या सिमेंटमध्ये मात्र उलटं घडतं. तिथे हायड्रॉक्साइड कमी, त्यामुळे सी-एस-एच जेलमधलाच (सिमेंटला घट्ट धरणाऱ्या मुख्य पदार्थातलाच) चुना निघून जातो, छिद्रं मोठी होतात, पृष्ठभाग भुसभुशीत होऊ शकतो.

सळईचं म्हणाल तर तिच्याभोवतीच्या काँक्रीटचा पीएच (अल्कधर्मीपणाचं माप) 13 च्या आसपासवरून 9 च्या खाली येतो, तिच्यावरचा संरक्षक थर जातो आणि ओल मिळाली की गंज फुगून कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) फोडतो.

तपासायला ताजा तुकडा फोडा, धूळ फुंकून काढा (पाण्याने धुऊ नका), 1 टक्का फिनॉल्फ्थेलिनचं द्रावण (अल्कधर्मी जागी गुलाबी होणारं) फवारा. गुलाबी भाग शाबूत, बिनरंगी भाग कार्बोनेट झालेला. बिनरंगी भागाची खोली वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते: 4 वर्षांत 10 मिमी असेल, तर 16 वर्षांत साधारण 20.